पहिल्या बोअरची जोखीम कुणाची?

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक (म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या) ऊर्जेचं धोरण जाहीर केलं. आता कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा विषय पुन्हा निघणार, हे उघड आहे. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत साधारण साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठराएक ठिकाणी असे झरे आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली सगळ्यांना ठाऊक असतात. पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ आणि राजवाडी त्या त्या भागातल्या लोकांना ठाऊक असतात. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास आहे, हात घालवत नाही.

या झऱ्यांची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘किती मेगावॅट वीज निघेल?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाने विचारला जातो. आधी विचारायला हवं की बोअरला किती खर्च येईल, तो अंदाज कुणी आणि कशावरून काढला, आणि बोअर फसलं तर पैसे कुणाचे बुडतील. कमी तापमानाच्या भूऔष्णिक प्रकल्पात जमिनीच्या वरचं काम फारसं अवघड नसतं. उष्णता विनिमयक (गरम पाण्याची उष्णता काढून घेणारं यंत्र), पाइप, पंप, वाळवणीच्या खोल्या यांची कोटेशनं आठवड्याभरात मिळतात आणि ती बऱ्यापैकी खरी निघतात. प्रकल्प तरतो किंवा बुडतो तो जमिनीखाली, आणि तिथल्या खर्चाचा अंदाज आपल्याकडे ज्या पद्धतीने काढला जातो ती पद्धत मला धोक्याची वाटते.

ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे, कारण बोअर महाराष्ट्राला नवं नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहीर गावोगाव पोचली. आज कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी बोअरच्या गाड्यांच्या एजंटचे नंबर भिंतींवर रंगवलेले दिसतात. गाडी बहुतेक वेळा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे भागातली, पोरंही तिकडचीच. दर फुटावर ठरतो. तीनशे फुटांपर्यंत एक दर, पुढच्या प्रत्येक शंभर फुटांना चढता दर, केसिंग (भोकात बसवायचा पाइप) वेगळं, फ्लशिंग (भोक धुऊन साफ करणं) वेगळं. हवेच्या दाबावर खडक फोडणारा हॅमर सुरू झाला की पांढऱ्या धुळीचे लोट उठतात. ऑपरेटर बाहेर पडणारा चुरा मुठीत घेऊन बघतो. मुरूम संपून काळा पाषाण कधी लागला, मांजऱ्या (सच्छिद्र, मऊ खडक) कधी आला, गेरूचा लाल थर कितव्या रॉडला लागला हे त्याला चुऱ्याच्या रंगावरून कळतं. धुळीचा चिखल व्हायला लागला की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर रंग येतो. दुसऱ्या दिवशी हिशोब होतो, गाडी पुढच्या शिवारात जाते. आणि चुऱ्यात दिसलेलं सगळं, कुठल्या खोलीला काय लागलं ते, गाडीबरोबरच निघून जातं. त्याची नोंद कुणाकडेच उरत नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

फुटाच्या दरावरचा हा हिशोब शेतातल्या बोअरसाठी चालतो, कारण त्या बोअरच्या अपेक्षा मर्यादित आहेत. साडेसहा इंचांचं भोक, वरच्या भुसभुशीत थरापुरतं केसिंग, खाली उघडा खडक, एक-दोन दिवसांचं काम, आणि पाणी नाही लागलं तर नशिबाला बोल लावून दुसरी जागा. गरम पाण्याच्या बोअरला यातली एकही गोष्ट लागू पडत नाही. तरी प्रकल्प अहवालात खर्चाची ओळ असते ती ‘खोली गुणिले दर’ अशीच.

पहिली अडचण व्यासाची. तापमान कमी असलं की तेवढीच उष्णता मिळवण्यासाठी पाणी जास्त उपसावं लागतं. पाणी जास्त हवं तर पंप मोठा, आणि पंप मोठा तर ज्या खोलीपर्यंत तो सोडायचा तिथवर बोअर रुंद. साडेसहा इंचांवरून बारा इंचांवर गेलं की खडक दुप्पट नाही, जवळजवळ साडेतीनपट फोडावा लागतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. दुसरी अडचण केसिंगची. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पीव्हीसी पाइप साठ अंशांच्या पुढे मऊ पडतो, म्हणून पोलाद आलं. कोकणातल्या बहुतेक झऱ्यांचं पाणी क्लोराइडचं, किंचित खारट, ते साध्या पोलादाला खातं, म्हणून जाडी किंवा धातू बदलावा लागतो. वरच्या थंड पाण्याचे थर बंद केले नाहीत तर ते आत मिसळून सत्तर अंशांचं पाणी पन्नासवर आणतात, म्हणून केसिंगच्या बाहेरून सिमेंट भरावं लागतं आणि ते घट्ट होईस्तोवर भाड्याची रिग (बोअर घेणारं यंत्र) उभी ठेवावी लागते. नेहमीचा सबमर्सिबल पंप इथे चालत नाही. त्याची मोटर भोवतालच्या पाण्यावरच थंड राहते, आणि ते पाणीच पासष्ट अंशांचं असेल तर ती जळते. हॅमरला हवेचा दाब लागतो. जिथे भरपूर पाणी लागावं अशी आपली इच्छा असते, नेमक्या तिथेच ते पाणी हवेला अडवतं आणि हॅमर मरतो. मग मोठा कॉम्प्रेसर, बूस्टर, किंवा चिखल फिरवून बोअर घेणारी वेगळी रिग.

आणि वापरून झालेलं पाणी सोडायचं कुठे? ओढ्यात सोडलं तर खालची भातशेती खारावते. म्हणून ते जमिनीत परत घालायला दुसरं बोअर हवं. म्हणजे ज्याला आपण ‘एक बोअर’ म्हणत होतो ती जोडी निघाली.

खोलीच्या हिशोबात आणखी एक फसगत आहे. खोल बोअरचा खर्च मीटरवर कमी आणि दिवसांवर जास्त चढतो. रिग, माणसं, डिझेल, कॉम्प्रेसर यांचं भाडं रिग खडक फोडत असो वा नसो, रोज चालू असतं. हजार मीटरवर बिट (खडक फोडणारं टोक) झिजला तर नऊ मीटरचे शंभराहून अधिक पाइप एकेक करून वर काढायचे, बिट बदलायचा, आणि तेवढेच पुन्हा खाली सोडायचे. त्या वेळात बोअर एक इंचही पुढे जात नाही. तीनशे मीटरवर हेच काम तिपटीहून लवकर उरकतं. म्हणून खोली दुप्पट झाली की खर्च दुपटीच्या बराच पुढे जातो. त्यात बोअरमध्ये फिरवलेला चिखल भेगाळ खडकात गडप होणं, भिंत ढासळणं, हत्यार खाली अडकणं हे सगळं आलं. अमेरिकेतल्या सांडिया प्रयोगशाळेच्या अभ्यासानुसार सरावाच्या भूऔष्णिक क्षेत्रातही फक्त चिखल गडप होण्यापायी विहिरीच्या खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा जातो, आणि नव्या क्षेत्रातल्या शोधविहिरीत तो वीस टक्क्यांच्या पुढे जातो. यात विशेष असं की गरम पाणी येतं ते भेगांतूनच. ज्या भेगा आपल्याला हव्यात त्याच खर्च वाढवतात. त्यामुळे ‘भेगा टाळून स्वस्तात बोअर घेऊ’ असा मार्ग इथे उपलब्धच नाही.

मग अंदाज काढायचाच नाही का? काढायचा, पण एका आकड्यात काढायचा नाही. सगळं सुरळीत गेलं तर इतके दिवस आणि इतके पैसे, नेहमीसारख्या अडचणी आल्या तर इतके, वाईट गेलं तर इतके, आणि कोरडं गेलं तर कुठल्या खोलीवर थांबायचं, हे चारही आकडे कागदावर हवेत. प्रत्येक आकड्याखाली तो कशावर बेतला आहे हेही हवं. आपल्या सरकारी अंदाजपत्रकांची रीत याच्या उलट आहे. तिथे रुपया-पैशापर्यंत नेमका एकच आकडा लागतो, त्यावर तांत्रिक मंजुरी मिळते, आणि काम फुगलं की सुधारित अंदाजपत्रक येतं. नेमकेपणाच्या या हट्टापायी खरी माहिती, म्हणजे अनिश्चितता किती आहे ती, कागदावर येतच नाही. निविदाही मीटरच्या दराने निघते. मग ठेकेदार एक तर धोका गृहीत धरून दर भरमसाट लावतो, किंवा कमी दर लावून अवघड थर लागताच काम सोडतो. दिवसाच्या दराने काम द्यावं, धोका मालकाने उचलावा आणि रिगवर मालकाचा जाणकार भूवैज्ञानिक उभा असावा. तेलक्षेत्रात हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. आपल्या जिल्ह्यांत मात्र त्याला ऑडिटचा आक्षेप येईल, म्हणून कुणी हात लावत नाही.

आता महाराष्ट्राच्या खडकाविषयी. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सगळीकडे सारखाच, असं वरून वाटतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत जे बोअर घेतलं, त्यात बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला आणि खाली फार जुना खडक लागला. कोयनेच्या भूकंपांचा उगम समजून घेण्यासाठी गोठणे इथे २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं गेलं, तिथे बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला. कोयनेच्या या कामाने आणखी एक गोष्ट समोर आणली. तिथल्या मोजमापांवरून सहा किलोमीटर खोलीवरचं तापमान १३० ते १५० अंशांच्या दरम्यान असावं असा अंदाज निघतो. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम वीस अंशांची वाढ. या दराने सत्तर अंश गाठायला दोन किलोमीटरच्या पुढे जावं लागेल. तेवढं खोल जाऊन कोमट म्हणावं असं पाणी काढणं महाराष्ट्राला कधीच परवडणार नाही. म्हणून ‘कुठेही खोल खणा, खाली उष्णता आहेच’ या घोषणेपासून आपण दूर राहिलेलं बरं. आपल्यापुरती ही ऊर्जा तिथेच आहे, जिथे भेगांतून वर येणाऱ्या पाण्याने खोलीचं काम स्वतःच केलं आहे. ते पाणी दोन-अडीच किलोमीटर खालची उष्णता घेऊन तुरळला किंवा उन्हवऱ्याला उघड्यावर येतं. आपल्याला त्या वाटेत दोनशे, चारशे, फार तर सहाशे मीटरवर ते गाठायचं आहे.

पण गाठायचं ते उभ्या, अरुंद भेगेत. वीस मीटर बाजूला बोअर पडलं तर खडक गरम आणि कोरडा, एवढंच हाती लागतं. भूभौतिक सर्वेक्षणाने ही जोखीम कमी होते, संपत नाही. ती संपते बोअर घेतल्यावरच. आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो.

जागतिक बँक समूहातल्या आयएफसीने २०१३ मध्ये चौदा देशांतल्या अडीच हजारांहून अधिक भूऔष्णिक विहिरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शोधाच्या टप्प्यातल्या विहिरींपैकी सुमारे ५९ टक्के यशस्वी ठरल्या होत्या. प्रकल्प चालू झाल्यानंतर घेतलेल्या विहिरींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं होतं. त्या विहिरी मुख्यतः वीजनिर्मितीच्या, तापलेल्या क्षेत्रांतल्या होत्या, तेव्हा कोकणाला आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हिशोबापुरतं धरू की पहिलं बोअर लागण्याची शक्यता साठ टक्के आणि बोअरचा खर्च समजा एक कोटी. काजू प्रक्रिया करणारी एखादी सहकारी संस्था हे बोअर घ्यायला निघाली, तर दहातल्या चार वेळा तिचं सगळं भांडवल जमिनीत जाईल. संस्थेच्या संचालकांनी असा धोका पत्करू नये, बँकेने त्यावर कर्ज देऊ नये, हे दोन्ही शहाणपणाचंच आहे. सरासरीचा हिशोब त्यांच्या उपयोगाचा नाही. एकदा बुडालेल्या संस्थेला दुसरं बोअर घ्यायची संधी मिळत नाही. पण राज्य सरकारने हीच बोअरं दहा ठिकाणी घेतली, तर दहाही फसण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढीच उरते. बहुधा पाच-सहा लागतील, आणि लागलेल्या प्रत्येक ठिकाणचा खरा खर्च फसलेल्या बोअरांसकट सुमारे एक कोटी सदुसष्ट लाख पडेल. धोका तोच, पण एकाच्या डोक्यावर तो सर्वनाश असतो आणि दहा ठिकाणी वाटला की अंदाजपत्रकातली एक ओळ होतो.

इतर देशांनी हे फार पूर्वी ओळखलं. आइसलँडमध्ये गावांना गरम पाण्याच्या शोधासाठी सरकारी निधीतून कर्ज मिळायचं, आणि बोअर फसलं तर ते फेडावं लागत नसे. आज तिथली जवळजवळ सगळी घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊबदार राहतात. पॅरिसच्या आसपास दीड ते दोन किलोमीटर खोलीवर चुनखडीचा जलस्तर आहे, पाणी ५५ ते ८५ अंशांचं. मलूँ गावात १९६९ मध्ये काढायचं आणि परत घालायचं अशा दोन विहिरींची पहिली जोडी बसली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारच्या पुढाकाराने हमी निधी उभा राहिला. बोअरने पुरेसं गरम पाणी दिलं नाही तर नुकसानीचा मोठा भाग निधी भरून देतो. नेदरलँड्समध्ये २००७ मध्ये ब्लायस्वाइकच्या टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या काचगृहासाठी पहिली जोडी खणली. त्यानंतर तिथेही सरकारी हमी आली. एक शेतकरी हे धाडस करू शकला, कारण त्या भागातल्या जुन्या तेल आणि वायूच्या विहिरींच्या नोंदी उपलब्ध होत्या. डच कायद्यानुसार खोल बोअरची माहिती पाच वर्षांनी सगळ्यांसाठी खुली होते.

या शेवटच्या वाक्यावर मी जरा थांबतो. महाराष्ट्रात लाखो बोअर झाले. २००९ च्या भूजल अधिनियमात रिगच्या नोंदणीची तरतूद आहे, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. पण ज्या बोअरांवर शेतकऱ्यांनी घरचे दागिने मोडले, त्यांच्यातून निघालेली थरांची माहिती आपण वाऱ्यावर सोडली. प्रत्येक बोअरच्या खोलीगणिक चुऱ्याची नोंद आणि तळाचं तापमान एवढं जरी टिपलं असतं, तरी आज उष्णतेचा नकाशा फुकट हाती असता. खर्चाचा अंदाज चुकतो तो गणित कच्चं असतं म्हणून नाही. आधीच्या बोअरनी शिकवलेलं पुढच्याला मिळत नाही, म्हणून चुकतो. अमेरिकेतल्या युटामध्ये फर्व्हो या कंपनीने एकाच जागी ओळीने विहिरी घेतल्या, तेव्हा एका विहिरीचा खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांवर आला, असं कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं. कठीण ग्रॅनाइट, खोली आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना नवा खडक मिळाला नव्हता. त्याच रिगला, त्याच माणसांना, तोच खडक पुन्हा पुन्हा मिळाला होता. आपण मात्र दर दहा वर्षांनी एखादा पथदर्शी प्रकल्प काढतो, एक बोअर घेतो, अहवाल कपाटात ठेवतो आणि पुढच्या वेळी शून्यापासून सुरू करतो.

लडाखमधल्या पुग्याची कहाणी अशीच आहे. चौदा हजार फुटांवरच्या त्या खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकापासून ३४ बोअर घेतली, सर्वांत खोल ३८५ मीटरच्या आसपास. वाफ मिळाली, गरम पाणी मिळालं, खोली तापवण्याचे आणि हरितगृहाचे प्रयोग झाले. मग काम थंडावलं. ओएनजीसीने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे एक मेगावॅटच्या प्रकल्पासाठी करार केला, २०२२ मध्ये बोअर सुरू असताना गरम पाणी ओढ्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. बोअरमधून येणारं पाणी साठवायचं कुठे, हा प्रश्न रिग उभी करण्याआधी अंदाजपत्रकात सुटलेला हवा. त्याचा खर्च रिगच्या भाड्यापेक्षा लहान, पण वगळला तर तोच सगळं काम अडवतो.

आता विजेकडे येतो, कारण विजेचा मोह सोडल्याशिवाय बोअरचा खर्च कधीच पटणार नाही. धरा की बोअरमधून सेकंदाला दहा लीटर, ६५ अंशांचं पाणी मिळालं आणि आपण त्याची उष्णता चाळीस अंशांपर्यंत काढून घेतली. ही सुमारे एक मेगावॅट उष्णता झाली. तिची वीज करायला गेलं, तर ६५ अंशांचा उगम आणि कोकणातलं २८ अंशांचं थंड करायचं पाणी यांच्यात निसर्गनियमानेच अकरा टक्क्यांच्या वर वीज निघू शकत नाही. प्रत्यक्षात त्याच्या निम्मी, म्हणजे पन्नास-साठ किलोवॅट. शंभर मीटरवरून पाणी उपसायला त्यातले पंधरा-सोळा पंप खाणार. उरले चाळीस. अलास्कातल्या चेना इथे ७४ अंशांच्या पाण्यावर २००६ पासून वीज तयार होते हे खरं आहे, पण तिथे थंड करायला चार अंशांचं पाणी मिळतं आणि वीज नाही तर डिझेल जाळावं लागतं. तेलंगणातल्या मणुगुरूला सिंगरेणी कोळसा कंपनीने उभारलेला प्रकल्प वीस किलोवॅटचा आहे, प्रयोग म्हणून मोलाचा. विहिरींच्या जोडीचा सगळा खर्च समजा तीन कोटी आणि वर्षाला त्याचा दहा टक्के भार तीस लाख धरला, तर चाळीस किलोवॅटच्या वर्षभराच्या विजेवर फक्त बोअरचाच बोजा युनिटला साडेआठ रुपयांच्या पुढे जातो. सौर विजेच्या मोठ्या निविदा तीन रुपयांच्या खाली जात असताना यात कुणी पैसा घालावा, असं मी म्हणणार नाही.

तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली, तर गणित पालटतं. वर्षाला चार हजार तास वापर झाला तर चाळीस लाख युनिट उष्णता मिळते आणि बोअरचा बोजा युनिटला पाऊण रुपया पडतो. व्यावसायिक गॅस किलोला ९० रुपये धरला, तर त्याच्या उष्णतेचं युनिट सात रुपयांच्या आसपास जातं. मात्र वापर आठशे तासांवर आला की हाच पाऊण रुपया पावणेचार होतो. म्हणून बोअरच्या अंदाजाइतकाच वापराचा अंदाज महत्त्वाचा आहे, आणि तो भूवैज्ञानिकाला काढता येत नाही. तो गावात बसून काढावा लागतो.

संगमेश्वर, दापोली, खेड या पट्ट्यात ही उष्णता लागते कुणाला? एप्रिल-मे मध्ये रातांबे येतात. फोडलेल्या सालींना रसाचं पुट द्यायचं, वाळवायचं, पुन्हा पुट द्यायचं, पुन्हा वाळवायचं, तेव्हा आमसूल होतं. ऐन त्या दिवसांत वळवाची सर आली की अंगणभर पसरलेली आमसुलं गोळा करायला घरातल्या सगळ्या बायका धावतात, आणि भिजलेल्याला बुरशी लागते. पाऊस पडला की ऊन नाही, म्हणजे सौर वाळवणीयंत्रही नाही. काजूचा गर सोलण्याआधी बोरम्यात (वाळवणीच्या भट्टीत) सत्तर अंशांच्या आसपास तासन्‌तास वाळवावा लागतो, त्यासाठी लाकूड किंवा टरफलं जळतात. ६५ अंशांच्या पाण्यावर बोरमा पूर्ण चालणार नाही, पण हवा साठपर्यंत तापवून दिली की जळणाचा मोठा वाटा वाचतो. फणसाचे गरे, आंबापोळी, हळद, आणि किनारा जवळ असेल तिथे बोंबील आणि सुकट. हंगाम एकापाठोपाठ एक लावले तर तीन-चार हजार तास भरणं अशक्य नाही. एकट्या आमसुलांवर मात्र बोअर कधीच परवडणार नाही, आणि हे बोअर घेण्याआधी कळलं पाहिजे.

विरोध होईल तो पैशांपेक्षा कुंडांवरून, आणि तो मी गंभीरपणे घेतो. तुरळ, राजवाडी, वज्रेश्वरीची कुंडं ही लोकांची आंघोळीची, नवसाची, दुखऱ्या सांध्यांची जागा आहे. शेजारी बोअर घेतलं आणि कुंड आटलं तर? भीती निराधार नाही. न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहरात घरोघरी घेतलेल्या गरम पाण्याच्या बोअरांनी तिथले प्रसिद्ध उकळते फवारे मंदावले होते. १९८६ मध्ये सरकारने मुख्य फवाऱ्याच्या दीड किलोमीटर परिसरातली बोअरं बंद करायला लावली, तेव्हा ते पुन्हा जोर धरू लागले. जर्मनीतल्या श्टाउफेनमध्ये २००७ साली नगरपालिकेच्या इमारतीसाठी फक्त १४० मीटरची सात बोअरं घेतली गेली. त्यातून पाणी वर चढून खालच्या थरातलं खनिज फुगलं, आणि गावातल्या अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. खर्च वाचवण्यासाठी बोअरभोवतीचं सिमेंट कच्चं ठेवणं किती महाग पडू शकतं, त्याचं हे उदाहरण. म्हणून कुंडाचं तापमान आणि प्रवाह बोअरच्या आधी किमान एक वर्षभर, पावसाळ्यासकट, मोजलेले हवेत. ते मोजमाप, पाणी परत घालण्याचं बोअर आणि कुंड मंदावलं तर उपसा थांबवण्याची अट ही सगळी मूळ अंदाजपत्रकात हवीत. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट गावकऱ्यांच्या खात्यावर जाते.

सरकारकडे शाळांना, रुग्णालयांना पैसे नसताना खडकात भोकं पाडायला कुठून आणायचे, असा एक रास्त आक्षेप आहे. मी मागतो आहे तो निधी मोठा नाही. आठ-दहा ठिकाणी सर्वेक्षण आणि प्रत्येकी एक शोधबोअर, बस्स. तेही सुरुवातीला कमी व्यासाचं. तापमान मोजायला बारा इंचांचं भोक लागत नाही. अरुंद बोअरने आधी उष्णता आणि भेग शोधायची, पाणी लागलं तरच रुंद विहिरीचा खर्च करायचा. यातून फसलेल्या ठिकाणांचाही फायदा होतो, कारण तिथे पुढे कुणी पैसे घालणार नाही. खासगी कंपनीने हे काम केलं तर फसलेल्या बोअरची माहिती ती गुपित ठेवील, लागलेल्या बोअरवर हक्क सांगेल, आणि शेजारच्या तालुक्यातला पुढचा माणूस पुन्हा तिथेच पैसे बुडवेल. शोधबोअरची माहिती सार्वजनिक असेल तेव्हाच तिची किंमत अनेकपट होते, म्हणून तिचा खर्चही सार्वजनिक असायला हवा. बोअर लागल्यावर मात्र सरकारने बाजूला व्हावं. विहीर सहकारी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, आणि त्या भाड्यातून पुढच्या शोधबोअरांचा निधी भरावा.

हे काम भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने करावं, जोडीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदी आणि कोयनेच्या बोअरचं काम पाहिलेली कराडची केंद्र सरकारची बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळा घ्यावी. एकच रिग, एकच चमू, रायगडपासून रत्नागिरीपर्यंत ओळीने दोन हंगाम चालवावी, पावसाळा सोडून. प्रत्येक बोअर संपल्यावर महिन्याभरात चार गोष्टी मराठीत प्रसिद्ध व्हाव्यात: खोलीगणिक लागलेले थर, तापमान, रोज किती मीटर काम झालं आणि कुठे किती दिवस अडलं, आणि अंदाजापेक्षा खर्च किती वर किंवा खाली गेला. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कुठलंही खातं आपणहून देणार नाही, कारण त्यात चुका उघड होतात. म्हणून ती अट काम मंजूर करणाऱ्या शासन निर्णयातच लिहिलेली असावी, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या बोअरचे पैसे सुटू नयेत.